कुरतडणारे प्राणी

उंदीर लाकूड खात नाही. मग तो पेटीची फळी का कुरतडतो? त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात. वर दोन, खाली दोन. ते झिजले नाहीत तर इतके वाढतील की उंदराला खाता येणार नाही. तो उपाशी मरेल. या दातांची पुढची बाजू फार टणक, मागची त्याहून मऊ. मागची बाजू आधी झिजते. म्हणून दाताला सुताराच्या पटाशीसारखी धार राहते. सुळे मात्र त्याला नसतातच.

असे दात ज्याचे, तो कुरतडणाऱ्यांच्या कुळातला. पुस्तकात या कुळाला 'कृंतक' म्हणतात. आईचे दूध पिऊन वाढणाऱ्या प्राण्यांच्या दर 10 जातींत सुमारे 4 जाती या एकाच कुळाच्या!

आपल्याकडे त्यांची तीन घराणी दिसतात. एक उंदीर-घुशीचे. दुसरे खारीचे. भीमाशंकरच्या रानातले शेकरू, म्हणजे महाराष्ट्राचा राज्यप्राणी, याच घराण्यातले. तिसरे साळिंदराचे. साळिंदर काटे फेकून मारते म्हणतात, ते खोटे. काटे म्हणजे त्याचे जाड केसच, बरं का.

चिचुंद्री उंदरासारखी दिसते, पण ती या कुळातली नव्हे. तिचे दात बारीक नि टोकदार. ती किडे, झुरळे खाते. ससाही वेगळा. त्याच्या वरच्या दोन दातांमागे आणखी दोन लहान दात असतात.

शिरढोणच्या शेतकऱ्याने जपायचे ते घुशीपासून. ती खाचराचा बांध पोखरते, पाणी निघून जाते. भाताच्या लोंब्या तोडून बिळात साठवते. पण भातापेक्षा जीव मोठा. उंदीर-घुशींच्या मुतातून 'लेप्टो' नावाचा ताप येतो. पावसाळ्यात मूत पाण्यात, चिखलात मिसळते. पायाला जखम किंवा चीर असली की तिथून रोग शिरतो. मुंबईत 26 जुलै 2005 च्या पुरानंतर या तापाचे पुष्कळ रोगी आढळले होते.

म्हणून जखम झाकून, जमल्यास गमबूट घालून शेतात उतरा. ताप आला, डोके दुखू लागले, पोटऱ्या ठणकू लागल्या, डोळे लाल झाले, तर घरी थांबू नका. यावर औषध आहे, पण ते लवकर मिळायला हवे. दवाखान्यात गेल्यावर "मी लावणीच्या चिखलात होतो" हे डॉक्टरांना आधी सांगा.