शिकाऊ परवान्याची परीक्षा

मोटार चालविण्याच्या परवान्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. ५० घनसेंटिमीटरपर्यंतची बिनगिअरची दुचाकी मात्र पालकांच्या संमतीने १६ व्या वर्षी चालविता येते. दोहोंसाठी प्रथम शिकाऊ परवाना हवा. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे त्या परीक्षेत शेकडा ६० उत्तरे बरोबर यावी लागतात.

चिन्हे पाठ करण्यापूर्वी त्यांचे आकार ओळखा, असे आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो. वर्तुळ आज्ञा देते, त्रिकोण सावध करतो, आयत माहिती पुरवितो. ‘थांबा’चा अष्टकोन व ‘वाट द्या’चा उलटा त्रिकोण हे अपवाद, त्या आज्ञाच होत.

नियमामागील कारणही जाणावे. ताशी ४० किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात सुमारे ११ मीटर जाते. वेग दुप्पट झाला, की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते. मँगनीजच्या खाणीमुळे नावारूपास आलेल्या आपल्या उकव्यात खनिजाने भरलेल्या मालमोटारीमागून जाताना हे गणित विसरून कसे चालेल?

शेकडा ६० उत्तरांवर परवाना मिळेल. परंतु रस्ता ओलांडणाऱ्या बालकासमोर उरलेल्या शेकडा ४० ची सूट कोणासही नाही.