मुखदूषिका आणि प्रतिजैविक जेल : कोणास, कशासह व कधीपर्यंत?

प्रास्ताविक

तारुण्यपीटिकांचा रुग्ण सर्वप्रथम वैद्याकडेच आला, असे क्वचित घडते. हळद-चंदन, मुलतानी माती, मैत्रिणीने सुचविलेले क्रीम, जाहिरातीतील फेसवॉश आणि शेवटी औषध दुकानातून आणलेली एखादी ट्यूब, एवढा प्रवास करून तो आपल्यासमोर बसतो. त्या ट्यूबमध्ये पुष्कळदा क्लिंडामायसिन १ टक्का असते. रुग्ण तिला 'पिंपल्सचे जेल' म्हणून ओळखतो. हे एक प्रतिजैविक आहे, याची त्याला कल्पनाही नसते.

काही वर्षांपूर्वी २० वर्षे वयाची एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी आमच्याकडे आली. तिने सलग ११ महिने, दिवसातून २ वेळा हे जेल लावले होते. पहिले २ महिने उत्तम गुण आला, नंतर तो ओसरला आणि अखेरीस कपाळ व हनुवटीवर पूर्वीपेक्षाही अधिक पीटिका उठल्या. जेल कोणी लिहून दिले, असे विचारता तिने पर्समधून एक चुरगळलेली चिठ्ठी काढली. ती आमचीच होती. औषधाचे नाव, प्रमाण, 'सकाळ-सायंकाळ' हे सर्व तीत होते. किती दिवस, एवढेच नव्हते. औषध विक्रेत्याने दर वेळी ती चिठ्ठी पाहूनच ट्यूब दिली होती. प्रस्तुत लेखाचे निमित्त ही चिठ्ठी होय.

आधुनिक औषधे लिहिण्याचा अधिकार हा स्वतंत्र विषय असून त्याबाबतचे नियम राज्यागणिक भिन्न आहेत. ज्यांस तो अधिकार नाही, त्यांनी अशा रुग्णास त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवावे, हे उघड आहे. परंतु आपण लिहो वा न लिहो, हे जेल लावणारा रुग्ण आपल्याकडे येणारच. यास्तव त्याचे गुण व मर्यादा प्रत्येकाने जाणून घेणे अगत्याचे आहे.

संप्राप्ती

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या १३व्या अध्यायात क्षुद्ररोगांमध्ये मुखदूषिकेचे वर्णन केले आहे. शाल्मलीच्या काट्यासारख्या दिसणाऱ्या, तरुणांच्या मुखावर उत्पन्न होणाऱ्या या पीटिकांस त्यांनी कफ, वात व रक्त यांची दुष्टी कारण मानली आहे.

आधुनिक शास्त्र येथे ४ घटक सांगते. संप्रेरकांच्या प्रभावाने त्वचेतील तैलग्रंथींचा स्राव वाढतो. रोमकूपाच्या तोंडाशी मृत पेशी साचून मार्ग बंद होतो. आत कोंडलेल्या तेलात क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जिवाणू वाढतो. आणि या सर्वांतून शोथ निर्माण होतो. हा जिवाणू पूर्वी प्रोपिओनिबॅक्टेरियम ॲक्नेस या नावाने ओळखला जाई. २०१६ मध्ये त्याचे नामांतर झाले. तो बाहेरून आलेला शत्रू नव्हे, निरोगी त्वचेवरही त्याचा कायम निवास असतो. म्हणूनच त्याचा समूळ नाश हे चिकित्सेचे उद्दिष्ट होऊ शकत नाही.

औषधाचे कार्य

क्लिंडामायसिन हे लिंकोमायसिनपासून तयार केलेले औषध आहे. लिंकोमायसिन हे अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात, लिंकन येथील मातीत सापडलेल्या जिवाणूपासून मिळाले आणि त्या गावावरूनच त्यास हे नाव पडले. जेलमध्ये क्लिंडामायसिन फॉस्फेट असते. त्वचेत त्याचे रूपांतर सक्रिय औषधात होते आणि ते जिवाणूंच्या प्रथिननिर्मितीस अटकाव करते. जिवाणू घटले की त्यांच्यामुळे निर्माण होणारी क्षोभक मेदाम्लेही घटतात व शोथ उतरतो. लाल, दुखऱ्या, पूययुक्त पीटिकांमध्ये गुण दिसतो तो यामुळे.

मात्र रोमकूपाचे बंद तोंड हे जेल उघडत नाही. तेलाचा स्राव वा संप्रेरकांचे असंतुलन यांवरही त्याचे कार्य नाही. ज्या रुग्णाच्या चेहऱ्यावर केवळ काळी वा पांढरी टोके आहेत, लाली वा पू नाही, त्यास हे जेल देणे निरर्थक होय.

प्रतिरोधाचा प्रश्न

एकच प्रतिजैविक एकाच त्वचेवर महिनोन्महिने लावले असता संवेदनशील जिवाणू मरतात आणि प्रतिरोधी जिवाणू उरून वाढतात. आमच्या रुग्णेस आधी गुण व नंतर पीछेहाट, हा जो अनुभव आला, त्याचे स्पष्टीकरण बहुधा हेच असावे. क्लिंडामायसिन व एरिथ्रोमायसिन यांचे कार्यस्थान जवळजवळ एकच असल्याने एकास झालेला प्रतिरोध पुष्कळदा दुसऱ्यासही लागू पडतो. तेव्हा एक जेल चालेनासे झाले म्हणून त्याच कुळातील दुसरे द्यावे, यात अर्थ नाही.

हा प्रश्न चेहऱ्यापुरताही मर्यादित नाही. त्याच त्वचेवर स्टॅफिलोकॉकस जातीचे जिवाणूही राहतात आणि तेही प्रतिरोध शिकतात. गळू, व्रण, अस्थिसंसर्ग अशा गंभीर विकारांत उपयोगी पडणारे हे औषध आहे. मुरुमांसाठी ते निष्प्रभ करून ठेवले, तर उद्या त्याच घरातील एखाद्या रुग्णास त्याची खरी गरज असताना ते कामी येणार नाही. अमेरिकन त्वचारोग अकादमीच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांतही बाह्य प्रतिजैविक एकटे वापरू नये, असेच सांगितले आहे.

कृमिचिकित्सेची त्रिसूत्री

चरकसंहितेच्या विमानस्थानात, ७व्या अध्यायात, कृमिचिकित्सेची तीन अंगे सांगितली आहेत : अपकर्षण, प्रकृतिविघात व निदानपरिवर्जन. कृमी बाहेर काढावेत, ज्या परिस्थितीत ते वाढतात ती पालटावी आणि मूळ हेतूंचा त्याग करावा. चरकोक्त कृमी आणि आजचा जिवाणू एकच, असा आमचा दावा नाही. परंतु विचाराची चौकट म्हणून ही त्रिसूत्री येथे अत्यंत उपयुक्त ठरते.

प्रतिजैविक जेल हे केवळ अपकर्षण आहे. उरलेली दोन अंगे वगळून अपकर्षणच करीत राहिल्यास व्याधी परततो आणि औषधाची धारही बोथट होते. आमच्या चिठ्ठीत नेमके हेच घडले होते.

अपकर्षणासाठी जेलसोबत बेंझॉइल पेरॉक्साइड असावेच. ते प्राणवायूच्या साहाय्याने जिवाणू मारते आणि त्यास जिवाणूंचा प्रतिरोध होत असल्याचे आढळलेले नाही. २.५ टक्के प्रमाण बहुतेकांस पुरते. प्रमाण वाढविल्याने गुणापेक्षा दाहच अधिक वाढतो. प्रकृतिविघातासाठी ॲडापालिन ०.१ टक्का हे रात्री लावायचे औषध आहे. ते रोमकूपाचे तोंड मोकळे करते व नवी पीटिका होण्याची भूमीच बदलते. शोथ शमल्यावर प्रतिजैविक थांबवून पुढे हेच चालू ठेवावयाचे असते. बाजारात क्लिंडामायसिन व निकोटिनामाइड यांचे संयुक्त जेलही मिळते. निकोटिनामाइड शोथ कमी करण्यास साहाय्य करते. परंतु ते बेंझॉइल पेरॉक्साइडची जागा घेऊ शकत नाही.

निदानपरिवर्जन हे तर आपले हक्काचे क्षेत्र. केसांचे तेल कपाळावर ओघळणे, जाड तैलयुक्त क्रीम, पीटिका फोडण्याची सवय, दिवसातून अनेकदा साबणाने चेहरा घासणे, हेल्मेटच्या पट्ट्याचे घर्षण हे हेतू विचारल्याशिवाय कळत नाहीत. गोड व मैद्याचे पदार्थ तसेच दूध यांचा काही रुग्णांत संबंध दिसतो. सरसकट सर्व बंद न करता रुग्णाचे निरीक्षण करून पथ्य ठरवावे.

रुग्णपरीक्षण

जेलचा विचार करण्यापूर्वी पुढील गोष्टी तपासाव्यात.

१. कपाळ, छाती व पाठीवर एकसारख्या आकाराच्या, खाजणाऱ्या बारीक पीटिका असल्यास तो बुरशीजन्य रोमकूपशोथ असू शकतो. त्यात प्रतिजैविकाने व्याधी वाढतो.

२. मासिक पाळी अनियमित असणे, चेहऱ्यावर राठ केस येणे, वजन वाढणे ही लक्षणे असल्यास बीजकोशाच्या विकाराची तपासणी करावी.

३. गोरेपणासाठी एखादे क्रीम लावले जाते काय, हे अवश्य विचारावे. बेटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल ही स्टेरॉइडे चेहऱ्यावर दीर्घकाळ लावल्यास त्वचा पातळ व लाल होते आणि मुरुमांसारखेच पुरळ उठते.

४. खोल, मोठ्या गाठी असल्यास, व्रणवस्तू तयार होऊ लागली असल्यास अथवा रुग्ण मनाने खचला असल्यास वेळ न दवडता त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवावे. गेलेला खळगा पुन्हा भरून काढणे दुष्कर असते.

५. पूर्वी प्रतिजैविकामुळे आतड्याचा शोथ झालेल्या, किंवा आतड्याच्या दीर्घकालीन दाहाच्या रुग्णास क्लिंडामायसिन देऊ नये. त्वचेतून ते अल्पच शोषले जाते. तरीही जेल सुरू असताना तीव्र वा रक्तमिश्रित अतिसार झाल्यास ते तत्काळ बंद करावे.

६. गर्भवती स्त्रीस अथवा गर्भधारणेची इच्छा असणाऱ्या स्त्रीस ॲडापालिन देऊ नये.

प्रयोगविधी

चेहरा कोमट पाण्याने व सौम्य साबणाने धुऊन, टिपून, पूर्ण कोरडा होऊ द्यावा. सकाळी क्लिंडामायसिन व बेंझॉइल पेरॉक्साइड आणि रात्री ॲडापालिन, हा क्रम सोपा पडतो. वाटाण्याएवढे औषध संपूर्ण बाधित भागास पुरते. केवळ दिसणाऱ्या पीटिकेवर ठिपका न लावता त्या संपूर्ण भागावर पातळ थर द्यावा. डोळे, ओठ व नाकपुड्यांच्या कडा टाळाव्यात. ॲडापालिन पहिले २ आठवडे रात्रीआड लावावे. आरंभी थोडी कोरड व आग होते, हे आधीच सांगून ठेवावे. अन्यथा रुग्ण चौथ्या दिवशी औषध सोडून देतो. बेंझॉइल पेरॉक्साइडने टॉवेल, उशीचा अभ्रा व ओढणी यांचा रंग उडतो, हेही सांगावे. दिवसा सनस्क्रीन लावण्यास विसरू नये. आपल्याकडील सावळ्या त्वचेवर पीटिका गेल्यानंतर राहणारे डाग उन्हाने अधिक गडद होतात.

गुण दिसण्यास ६ ते ८ आठवडे लागतात. १२ आठवड्यांच्या आसपास प्रतिजैविक थांबवावे. तोवर गुण नसेल, तर मुदत न वाढविता निदानाचाच पुनर्विचार करावा. पोटात ॲझिथ्रोमायसिन वा डॉक्सिसायक्लिन सुरू असताना चेहऱ्यावर आणखी एक प्रतिजैविक लावण्यातही हशील नाही.

लेपांविषयी

सुश्रुतांनी या व्याधीत वमन तसेच वचा, लोध्र, सैंधव व सर्षप यांचा लेप सांगितला आहे. योग्य रुग्णात या उपक्रमांचे मोल आहेच. तथापि वचा-सर्षपादी तीक्ष्ण द्रव्यांचा लेप व बेंझॉइल पेरॉक्साइड एकाच त्वचेवर, एकाच काळात लावल्यास दाह होतो. आणि गुण कशाने आला, अपाय कशाने झाला, हे वैद्यासही उमगत नाही. जेल सुरू असेतो लेप थांबवावा आणि भर पथ्य, कोष्ठशुद्धी व आभ्यंतर चिकित्सेवर द्यावा, असे आमचे मत आहे. तेलकट त्वचेवर तैलकल्पही या काळात टाळावेत.

औषध विक्रेत्यांस विनंती

चिठ्ठीवर मुदत नसेल, तर दुसरी ट्यूब देण्यापूर्वी वैद्यास एक दूरध्वनी करावा. त्यात वैद्याचा अवमान नाही. उलट उपकार आहेत. 'मुरुमांसाठी काहीतरी द्या' म्हणणाऱ्यास प्रतिजैविक वा स्टेरॉइडमिश्रित क्रीम देऊ नये. २०१८ मध्ये केंद्र शासनाने त्वचेवर लावावयाच्या अनेक स्टेरॉइडांचा समावेश परिशिष्ट एच मध्ये केला, तो याच गैरवापरामुळे. ट्यूबवरील साठवणुकीचे तापमान वाचून त्याप्रमाणे ती ठेवावी आणि ट्यूब देताना 'हे प्रतिजैविक आहे, सांगितलेल्या दिवसांपुरतेच लावा' एवढे एक वाक्य ग्राहकास आवर्जून सांगावे.

उपसंहार

त्या विद्यार्थिनीचे जेल आम्ही त्याच दिवशी बंद केले. बेंझॉइल पेरॉक्साइड व ॲडापालिन सुरू करून आहार व केशतैलाविषयी सूचना दिल्या आणि आमची चूक तिला स्पष्ट सांगितली. ३ महिन्यांत नव्या पीटिका बऱ्याच कमी झाल्या. डाग फिके होण्यास त्याहून अधिक काळ लागला आणि हनुवटीवरील २ खळगे मात्र कायम राहिले. ११ महिने वाया गेले नसते, तर कदाचित तेही टळले असते.

तेव्हापासून आमच्या प्रत्येक चिठ्ठीवर प्रतिजैविकाच्या नावाखाली ते बंद करण्याची तारीख असते. औषध कधी सुरू करावे हे शिकण्यात आपली सारी वर्षे जातात. ते कधी थांबवावे, हेही तितक्याच काळजीने लिहिले पाहिजे. वाचक वैद्यांनी आपापल्या चिठ्ठ्या एकदा या दृष्टीने तपासून पाहाव्यात, एवढीच नम्र विनंती.