मुलाला माईकवर उभं करायचंय? आधी खर्च समजून घ्या

जलशात मुलाने तकरीर करावी, शाळेत मुलीने भाषण करावं अशी तुमची इच्छा आहे, पण माईक पुढे आला की पोरांचा आवाज घशातच अडकतो. फुलंब्रीत राहून यावर किती खर्च करावा लागतो? बहुतेक घरांना काहीच नाही.

पहिला माईक फुकट मिळतो, शाळेच्या परिपाठात. वर्गशिक्षकांना भेटा आणि सुविचार किंवा दिनविशेष वाचायची पाळी मागा. अर्ज नाही, फी नाही. सुरुवातीला एकच ओळ, मग दोन, मग छोटी बातमी. 17 सप्टेंबर, 26 जानेवारी अशा दिवसांसाठी नाव पंधरा दिवस आधी द्या, कारण आदल्या दिवशी मिळालेलं भाषण मूल फक्त घोकतं.

दुसरी जागा मकतब. मशिदीचा माईक सरावाला हवा असेल तर इमामसाहेब आणि कमिटी, दोघांनाही विचारा, कारण तो मशिदीच्या कामासाठी घेतलेला असतो. सरावाच्या वेळी बाहेरचा भोंगा बंद ठेवायला सांगा, आतला स्पीकर पुरतो. गल्लीत स्वतः कार्यक्रम ठेवणार असाल तर पोलीस ठाण्याची लेखी परवानगी आधी घ्या. काय कागद लागतील ते तिथेच विचारा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे उघड्यावरचे स्पीकर रात्री 10 ते सकाळी 6 बंद ठेवावे लागतात. ‘आपलं सगळीकडे चालतं’ असं साऊंडवाला म्हणाला, तरी परवानगीशिवाय पुढे जाऊ नका.

सरावाला दीनमधूनच चांगला आधार मिळतो. सूरह ताहाच्या 25 ते 28 या आयतींमध्ये हजरत मूसा (अ.स.) छाती मोकळी व्हावी, काम सोपं व्हावं आणि जिभेची गाठ सुटावी म्हणून दुआ मागतात. लोकांना आपलं बोलणं कळावं, हा त्यामागचा हेतू. ही दुआ हाफिजसाहेबांकडून नीट उच्चारासह शिकवून घ्या आणि अर्थ घरच्या बोलीत समजावून सांगा. त्याच्या पुढचंही सांगा: मूसा (अ.स.) लगेच भाऊ हारून (अ.स.) यांना सोबतीला मागतात. पैगंबरालाही सोबत हवीशी वाटली, मग तुमच्या आठ वर्षांच्या मुलाला एकट्यालाच कशाला पुढे ढकलता? पहिल्या वेळी मोठा भाऊ किंवा बहीण शेजारी उभी राहू द्या.

वेगाबद्दल हजरत आयेशा (र.अ.) यांची रिवायत आहे: रसूलुल्लाह (स.अ.) इतकं सावकाश बोलत की ऐकणाऱ्याला शब्द मोजता यावेत. सरावात तुम्ही खरंच बोटांवर शब्द मोजा. मोजता आले नाहीत, तर पोरगं घाईत आहे. आणि चुकल्यावर चारचौघांत ओरडू नका. हजरत अनस (र.अ.) यांनी दहा वर्षं खिदमत केली, त्यांना एकदाही ‘उफ्’ ऐकावं लागलं नाही. मोठ्या मुलीने जलशात माईकवर बोलावं का, यावर घराघरांत मतं वेगळी असतात. नाव देण्यापूर्वीच तुमच्या आलिमांना विचारा. ऐन कार्यक्रमात नाव मागे घेतलं की मूल दुखावतं.

घरी माईक लागतोच असं नाही. हातात माईकसारखी बॅटरी धरा, तोंडापासून चार बोटं अंतर ठेवा, मोबाइलवर रेकॉर्ड करून मुलालाच ऐकवा.

तरीही घ्यायचाच असेल तर वायरवाला साधा माईक साधारण 500 ते 1500 रुपयांना मिळतो. खरा खर्च पुढे असतो: वायर वेगळी, स्टँड वेगळा, स्पीकर तर वेगळाच, म्हणजे आणखी तीन-चार हजार. स्पीकर आतच असलेला कराओके माईक 300 ते 700 रुपयांत येतो. सरावाला तो पुरे, फक्त ईको बंद ठेवा. फोनमधून ब्लूटूथ स्पीकरवर आवाज सोडायचं अ‍ॅप मात्र टाळा. त्यात स्वतःचा आवाज क्षणभर उशिरा कानावर येतो आणि नीट बोलणारं मूलही अडखळतं. छत्रपती संभाजीनगर शहरात पैठण गेटला भाव पाडून मिळतो, पण दुकानातच चालवून बघा, पक्कं बिल घ्या, 18 टक्के जीएसटी किमतीत धरलाय का ते विचारा. एसटीत आईचं आणि बारा वर्षांखालच्या मुलाचं तिकीट अर्धं असतं, तेवढ्या भाड्याचा हिशेब करूनच निघा.

साऊंड भाड्याने घेताना आकड्यात काय काय आलं ते लिहून घ्या: वाहतूक, माणूस, जनरेटर, वेळ वाढली तर जादा पैसे. माईकच्या लोखंडी जाळीला झिणझिण्या येत असतील तर मुलाला हात लावू देऊ नका. आधी अर्थिंग दुरुस्त करून घ्या.

‘स्टेज डेअरिंग’च्या क्लासमध्ये फीपेक्षा वरचे पैसे बघा. नोंदणी, पुस्तिका, सर्टिफिकेट, शेवटच्या कार्यक्रमाचा ड्रेस. आधी एक तास फुकट बसू द्या म्हणा. वर्षाची फी एकदम भरू नका, ऑनलाइन क्लासला खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी देऊ नका. फसवणूक वाटली तर ग्राहक हेल्पलाइन 1915.

एक गोष्ट क्लासची नाही. मूल घरातही शब्द ओढतं, तोच आवाज पुन्हा पुन्हा काढतं, बोलताना मान किंवा डोळे ताणतं, आणि हे सहा महिन्यांपेक्षा जास्त चाललंय, तर त्याला डॉक्टरकडे न्या. ‘तोतरेपणा हमखास घालवतो’ म्हणणाऱ्याला आगाऊ एक रुपयाही देऊ नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा तपासणीला येतं. 18 वर्षांपर्यंत ती मोफत असते आणि त्यात ऐकणं-बोलणंही येतं. पथक कधी येणार ते मुख्याध्यापकांना विचारा. वाट पाहायची नसेल तर ग्रामीण रुग्णालयात जा. आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. तिथून शहरातल्या घाटी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागासाठी चिठ्ठी घ्या. घाटी वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहे, त्यामुळे केसपेपरचे थोडे पैसे जवळ ठेवा. मुलाचं आधार कार्ड आणि जुने कागद सोबत न्या, सकाळच्या पहिल्या गाड्यांपैकी एक पकडा. आधी कानाची तपासणी मागा, कारण कमी ऐकू येणारं मूलही माईकपुढे गप्प राहतं.