आधी तारीख बघ

अकोला

चि. बाळास,


काल फोनवर तू घाईत होतास. शिष्यवृत्तीचा अर्ज उघडत नाही, पडद्यावर लाल त्रिकोण येतो, कनेक्शन सुरक्षित नाही म्हणतो, आणि दुकानातला मुलगा म्हणतो फॉरमॅट मारावा लागेल, एवढं सांगून तू फोन ठेवलास. हे मुद्दाम कागदावर लिहिते आहे. ब्राउझरच अडून बसला तर नेटवरचा सल्ला वाचणार कुठे? कागद कीबोर्डखाली ठेवता येतो.

फॉरमॅट करू नकोस. पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातली तारीख बघ. तिथे 2009 किंवा असंच जुनं साल असेल, तर तुझा संगणक धडधाकट आहे, त्याचं घड्याळ तेवढं मागे गेलं आहे.

त्याचा अर्जाशी काय संबंध, असं तुला वाटेल. रिसोडला जायला तू एसटीचा पास काढतोस, त्यावर अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत असं लिहिलेलं असतं. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाकडेही असंच मुदतीचं प्रमाणपत्र असतं. काहींची मुदत तर 90 दिवसांचीच असते. ब्राउझर कंडक्टरसारखा ते तपासतो आणि तारीख विचारतो ती तुझ्याच संगणकाला. घड्याळ 2009 सालात असेल, तर आजचा खरा पासही त्याला अजून सुरू न झालेला दिसतो.

घड्याळ मागे का जातं, तेही समजून घे. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक चपटा सेल असतो, सीआर 2032 नावाचा, तीन व्होल्टचा. वीज नसताना तारीख तो सांभाळतो. आपल्या रिठदच्या घरात रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची पद्धत आहे. ती चांगलीच आहे, पावसाळ्यात विजा कडकडतात तेव्हा तर प्लगही काढावा. पण मग रात्रभर सगळा भार त्या सेलवर येतो आणि काही वर्षांत तो संपतो. रिसोडला किंवा वाशीमला गेलास की नवा आण, घड्याळवाल्याकडेही मिळतो. प्लग काढ, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ दे, अधिक चिन्ह वर ठेवून सेल बसव. कॅबिनेट उघडलंच आहेस तर पंख्यावरची धूळ रंगाच्या ब्रशने झाड. सोयाबीनच्या मळणीनंतर ती केवढी साचते, मी पाहिलं आहे.

मी इतकी अडून बसले आहे त्याला कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या संगणकावर हेच लाल त्रिकोणाचं पान आलं होतं. दुकानातून सांगितलं फॉरमॅट, मी हो म्हटलं. तुझ्या आजीचे शेवटच्या दिवाळीचे फोटो त्याच डिस्कवर होते. आठवडाभरात तारीख पुन्हा मागे गेली, तेव्हा कळलं की दोष सेलचा होता. ते फोटो परत मिळाले नाहीत.

म्हणून पडद्यावरचं वाक्य नीट वाचायचं. मोठ्या अक्षरांपेक्षा त्याखालच्या बारीक इंग्रजी ओळीला जास्त महत्त्व. तिच्या शेवटी ‘डेट इनव्हॅलिड’ असेल तर तारीख. ‘ऑथॉरिटी इनव्हॅलिड’ असेल तर पासवर शिक्का मारणारी संस्था तुझ्या संगणकाच्या ओळखीची नाही. 30 सप्टेंबर 2021 रोजी अशाच एका जुन्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जगभरच्या कितीतरी जुन्या यंत्रांवर चांगली संकेतस्थळं उघडेनाशी झाली. अशा वेळी फायरफॉक्स वापरून बघ, विश्वासू संस्थांची यादी तो स्वतःबरोबर आणतो. ‘डीएनएस’ अशी अक्षरं दिसली तर संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सापडलेला नाही. नाव बरोबर टाकलंस का बघ, मग राउटर अर्धा मिनिट बंद ठेव. आकडा दिसला, 502, 503 असा, तर तुझ्या घरात काहीच बिघडलेलं नाही. अर्जाच्या शेवटच्या तारखेला हे हमखास होतं. तेच पान मोबाईलच्या डेटावर उघडून बघ; तिथेही अडलं तर पहाटे उठून भर.

ती ओळ वहीत जशीच्या तशी उतरून घे, तारीख-वेळेसह. मला फोनवर ‘काहीतरी एरर येतो’ सांगू नकोस, ती ओळ वाचून दाखव.

लाल त्रिकोणाच्या पानावर ‘तरीही पुढे जा’ असा पर्याय दिसेल. आधार क्रमांक किंवा पासवर्ड टाकायचा असेल तिथे तो कधीही दाबायचा नाही. आणि व्हायरस सापडला, या नंबरवर फोन करा, असा ओरडणारा चौकोन आला तर फोन करायचा नाही, ब्राउझर बंद करायचा. खरा ब्राउझर स्वतःचा फोन नंबर देत नाही. घरात कोणी फसलंच, तर लाजून गप्प बसू नका, लगेच 1930 ला कळवा.

आता जरा कठीण बोलते. दादाने तो संगणक घेतला तेव्हाचं विंडोज 7 अजून त्यावर आहे. मायक्रोसॉफ्टने त्याचा आधार 14 जानेवारी 2020 रोजी थांबवला. क्रोमची त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती 109, आणि 2023 पासून नवी येत नाही. फायरफॉक्सची 115 वर थांबली. त्यामुळे तारीख दुरुस्त केलीस तरी काही पानं अर्धवट दिसतील, काही बटणं दाबली जाणार नाहीत. त्यात तुझी चूक नाही. मेमरी 2 जीबी आहे, एका वेळी दोन-तीनच टॅब उघड. अभ्यास, टायपिंग, वाचन यांसाठी तो अजून पुष्कळ चालेल, पण बँकेचं काम त्यावर करू नका, हे दादालाही सांग. पुढेमागे त्यावर लिनक्स टाकू. दिवाळीला मी येईन तेव्हा दोघं बसू, तू हातात स्क्रूड्रायव्हर घे, मी बाजूला बसते.

तोवर घरातले सगळे फोटो एका पेनड्राइव्हवर उतरवून घे, आजच. सेल बदलल्यावर तारीख आणि वेळ भरायची राहू देऊ नकोस, आणि मग अर्जाचं पान उघडून काय दिसतं ते संध्याकाळी कळव. वहिनीला नमस्कार सांग.

तुझी,
आत्या