जनावरांच्या गाठीतील विषाणू ओळखणारा रंगीत शोधक

सोलापूर जिल्ह्यात सांगोला, मंगळवेढा, माळशिरस या भागांत खिलार जनावरे पाळणाऱ्यांना नेहमी पडणारा प्रश्न म्हणजे, अंगावरची गाठ साधी चामखीळ की कर्करोग? लहान वासरांच्या मानेवर व तोंडाभोवती येणाऱ्या, फुलकोबीसारख्या खरबरीत चामखिळी पॅपिलोमा विषाणूमुळे होतात. बहुतेक चामखिळी काही महिन्यांत आपोआप गळतात. संशय राहिल्यास मात्र गाठीचा तुकडा तपासावा लागतो.

विषाणूचा डीएनए म्हणजे दोन धाग्यांचा पीळ. उष्णता दिली की दोरखंड उकलावा तसे धागे सुटे होतात. प्रयोगशाळेत त्यातील एका धाग्याचा जोडीदार तुकडा तयार ठेवतात. त्यास 'शोधक' म्हणतात. गाठीच्या पातळ कापावर तो सोडला असता विषाणूचा डीएनए असेल तेथे चिकटतो, नसेल तर धुऊन जातो.

चिकटलेला शोधक दिसावा म्हणून पूर्वी त्यास किरणोत्सर्गी फॉस्फरस-३२ जोडत. त्याची तीव्रता सुमारे १४ दिवसांत निम्मी होते, शिवाय हाताळणी धोक्याची. त्याऐवजी आता डिगॉक्सिजेनिन वापरतात. हा पदार्थ डिजिटॅलिस या वनस्पतीपासून मिळतो. जनावराच्या शरीरात तो नसतो, म्हणून फसवा रंग येण्याची भीती कमी. बायोटिनही चालते, पण ते जीवनसत्त्व यकृतात व मूत्रपिंडात मुळातच असते. शेवटी विकराच्या साहाय्याने जांभळट निळा रंग उमटतो आणि नेमक्या कोणत्या पेशीत विषाणू आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. नुसता विषाणू आहे की नाही एवढेच पाहायचे असल्यास पीसीआर चाचणी अधिक सोयीची.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शोधकाने रंग दिला नाही म्हणजे कर्करोग नाही, असे नव्हे. बैलाचा शिंगाचा कर्करोग विषाणूमुळेच होतो असे सिद्ध झालेले नाही. पाच वर्षांवरील बैल सारखी मान झटकत असेल, शिंग घासत असेल, ते एका बाजूस कलले असेल किंवा त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्तमिश्रित घाण वास येणारा स्राव येत असेल, तर पशुवैद्यकास त्वरित दाखवावे. कर्करोगाचा निर्णय ऊतींच्या तपासणीवरच होतो.

गाठ घरी कापू नये. पशुवैद्यकाने काढलेल्या गाठीचा एक सेंटिमीटरहून पातळ तुकडा दहापट १० टक्के फॉर्मेलिनमध्ये ठेवावा व दुसरा फॉर्मेलिनशिवाय बर्फावर पाठवावा. फॉर्मेलिनमधील तुकडा गोठवू नये. बाजारातून आणलेल्या जनावरास चामखिळी असल्यास त्याचे दावे व खरारा वेगळा ठेवावा. कातडीवरील ओरखड्यांतून हा विषाणू पसरतो.