पुन्हा मोजलंस का?

चि. मंदार,


कंपनीच्या तपासणीत तुझं ब्लडप्रेशर १४६/९६ आलं आणि तो कागद तू ड्रॉवरमध्ये टाकून दिलास, हे ताईकडून कळलं. तेहतिसाव्या वर्षी असा आकडा यावा याच्यापेक्षा ‘मला कुठे काय होतंय?’ हे तुझं उत्तर मला जास्त काळजीत टाकून गेलं. अरे, काही होत नाही हीच तर या दुखण्याची खोड आहे. दाब वाढलेला राहिला की रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं ताठर होत जातात, हृदयाचा स्नायू जाडावतो, मूत्रपिंडातल्या आणि मेंदूतल्या बारीक वाहिन्या झिजतात. त्याचा बोभाटा होतो तो पंधरा-वीस वर्षांनी. स्मृतिभ्रंशाला हातभार लावणाऱ्या, पण बदलता येण्याजोग्या १४ गोष्टी २०२४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने मांडल्या. मध्यम वयातला वाढलेला रक्तदाब त्यांतलाच एक. म्हातारपण साठीला सुरू होतं हा आपला भ्रम आहे. ते आत्ताच, तुझ्या खुर्चीत बसून घडतंय. एका मोजणीवरून कुणी रोगी ठरत नाही, हे तुझं म्हणणं मला मान्य आहे. पण मग पुन्हा मोजलंस का?

तू म्हणशील, मी तर बारीक आहे. या समजुतीला तडा दिला तो आपल्या पुण्यातल्याच डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या संशोधनाने. दिसायला सडपातळ भारतीय शरीरात चरबीचं प्रमाण मात्र जास्त असू शकतं, हे त्यांनी दाखवून दिलं. तेव्हा आरसा बघून निर्धास्त होऊ नकोस. व्यायामाला वेळ नाही म्हणशील, तर जेरी मॉरिस या संशोधकाचं काम बघ. लंडनच्या दुमजली बसचे ड्रायव्हर दिवसभर बसून, तर कंडक्टर जिन्यावरून सारखे वर-खाली. १९५३ साली मॉरिस यांनी दाखवलं की कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी, आणि झालाच तर सौम्य. मुळातच स्थूल माणसं ड्रायव्हर होत असतील, ही शंका रास्त होती. मॉरिस यांनी ती स्वतःच तपासली आणि ड्रायव्हरांच्या गणवेशाच्या विजारी कमरेला खरोखरच मोठ्या निघाल्या. पण टपाल खात्यातही पायी नाहीतर सायकलवरून पत्रं वाटणारे टेबलावरच्या कारकुनांपेक्षा बरे होते, आणि पुढच्या कित्येक अभ्यासांनी तेच सांगितलं. यांतल्या कुणीच जिमचे पैसे भरले नव्हते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रम करायला सांगते. आठवड्याची एकूण मिनिटं १०,०८० असतात; त्यांतली १५० काही फार नाहीत. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा. ताटाची डावी बाजू थोडी आवर, पापड-लोणचं रोज नको, एवढंच.

ताण घेऊ नकोस, असं मात्र मी म्हणणार नाही. ते सांगणं सोपं आणि ऐकणाऱ्याच्या काही कामाचं नाही. नोकरी तुझ्या हातात नाही, ही तुझी तक्रार खरी आहे. ब्रिटनच्या सरकारी नोकरांचा १९८५पासून जो अभ्यास चालला, त्यात ज्यांना कामावर स्वतःचं काही ठरवता येत नव्हतं, त्यांना हृदयविकार जास्त आढळला. म्हणूनच दिवसातला एखादा तुकडा तरी तुझ्या ताब्यात हवा, आणि तो झोपेचा असावा असं मला वाटतं. निरोगी माणसाचा दाब रात्री झोपेत साधारण १० ते २० टक्के उतरतो. जागरणात रक्तवाहिन्यांची ती हक्काची विश्रांती बुडते. अकरानंतर फोन दुसऱ्या खोलीत ठेव. आणि ‘आपल्या घराण्यातच आहे, होणारच’ हे तर बोलूच नकोस. घराण्यात आहे म्हणून तर इतरांपेक्षा आधी सावध व्हायचं. तुझ्या वयात मीही ‘अजून वेळ आहे’ असंच म्हणत राहिलो. तो हिशेब चुकला, आणि आता गोळ्यांनी दाब आटोक्यात राहतो, पण गेलेली वर्षं काही परत येत नाहीत.

रागावून लिहिलं असेन तर मनावर घेऊ नकोस. घराचे हप्ते, लहानगीची जागरणं, ऑफिसचे रात्रीचे कॉल, या सगळ्यात तू किती ओढला जातोस ते मी जाणतो. तू आळशी आहेस असं माझ्या मनातही नाही. सगळं एकदम करू नकोस. आधी फक्त मोज. त्याआधी अर्धा तास चहा नको. पाठ टेकून पाच मिनिटं शांत बस, हात छातीच्या उंचीवर ठेव, आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ आकडे लिहून डॉक्टरांना दाखव. तुझ्या साठीला मी नसेन, मंदार. तेव्हा तू धाप न लागता जिना चढावास आणि लेकीच्या लेकराला कडेवर घ्यावंस, एवढंच मला आत्ता बघून ठेवायचंय. आकडा कसाही येवो, मला फोन कर. मी रागावणार नाही.

तुझा,
मामा