सविकल्प समाधी आणि भूमिकाखेळ : तादात्म्याच्या एका जुन्या सिद्धांताची नवी कसोटी

मराठी समीक्षेतील काही सिद्धांत परीक्षेत लिहिले जातात, पण वापरले जात नाहीत. न. चिं. केळकर यांनी १९२१ मध्ये बडोदे येथील साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून मांडलेला 'सविकल्प समाधी'चा विचार अशांपैकी एक होय. पदव्युत्तर वर्गात तो रसचर्चेच्या इतिहासातील एक टप्पा म्हणून येतो, त्याच्या मागोमाग त्यावरील आक्षेप येतात आणि आक्षेप पाठ झाले की सिद्धांतही संपतो. वास्तविक ज्या अनुभवाचे वर्णन करण्यासाठी केळकरांनी ही संज्ञा योजिली, तो अनुभव आज पुस्तकाच्या बाहेर, संगणकाच्या आणि मोबाइलच्या पडद्यावर, लक्षावधी तरुण रोज घेत आहेत. रोल-प्लेइंग गेम या नावाने ओळखले जाणारे व्हिडिओ गेम आणि त्यांवरून निघालेले चित्रपट यांचा आस्वाद या दृष्टीने तपासून पाहिला, तर केळकरांच्या सिद्धांताचे बळ कशात आहे आणि तो कोठे अपुरा पडतो, हे दोन्ही बरेच स्पष्ट होते.

केळकरांच्या विचाराचा गाभा थोडक्यात असा. योग आणि वेदान्त या परंपरांत निर्विकल्प समाधीमध्ये ज्ञाता आणि ज्ञेय हा भेदच मावळतो. सविकल्प समाधीत तो शिल्लक राहतो. वाङ्मय वाचताना वाचक स्वतःची भूमिका न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेशी तद्रूप होतो आणि एकाच वेळी दोन भूमिका जगण्याच्या या विस्तारातून त्याला आनंद मिळतो. येथे 'न सोडता' हे शब्द महत्त्वाचे आहेत. केळकरांना केवळ तादात्म्य अभिप्रेत नव्हते. ताटस्थ्य ज्यात टिकून आहे असे तादात्म्य अभिप्रेत होते. या मताला सहज विचारता येणारा प्रश्न असा की, वाचक राजा होतो म्हणजे नेमके काय होतो? तो राज्य चालवीत नाही, निर्णय घेत नाही, निर्णयाचे फळ भोगीत नाही. मग 'भूमिकेत शिरणे' हे वर्णन आहे की नुसते रूपक? छापील वाङ्मयापुरते पाहिले तर या प्रश्नाला समाधानकारक उत्तर देणे कठीण आहे, हे मान्य केले पाहिजे.

भूमिकाखेळात मात्र हे रूपक अक्षरशः खरे होते. या प्रकाराचा आरंभ १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी प्रसिद्ध केलेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या, टेबलाभोवती बसून खेळावयाच्या खेळाने झाला. युद्धपटावरील सैन्याच्या खेळांतून तो निपजला. पण सैन्याऐवजी प्रत्येक खेळाडूच्या वाट्याला एकच व्यक्ती आली, आणि या लहानशा बदलातून एक कथनप्रकार जन्मला. खेळाडू आपले पात्र रचतो, त्याचे बळ, बुद्धी, चापल्य अंकांत मांडतो. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो. कृतीचा निकाल फासे देतात. संहिता आधी लिहिलेली नसते. कोकणातील दशावतारी नाटकात आख्यान ठरलेले असते, पण संवाद नट रंगभूमीवरच रचतात. येथे तर आख्यानही पुरते ठरलेले नसते. पुढे संगणकावर हा प्रकार आला तेव्हा सूत्रधाराची जागा आज्ञावलीने घेतली. सर्व व्हिडिओ गेमना एकाच मापाने मोजून 'मारामारीचे खेळ' म्हणून बाजूला सारण्याची सवय मराठी प्राध्यापकवर्गात आढळते. ती सोडल्याखेरीज पुढील विवेचनाला अर्थ येणार नाही.

१९८५ मध्ये रिचर्ड गॅरियट यांनी तयार केलेला 'अल्टिमा' मालिकेतील चौथा खेळ या बाबतीत विशेष लक्षणीय आहे. त्यात शेवटी ठार मारावयाचा खलपुरुषच नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, प्रतिष्ठा, आत्मोन्नती आणि नम्रता हे आठ सद्गुण अंगी बाणवून 'अवतार' पदाला पोहोचणे, हे खेळाचे साध्य. हा शब्द थेट संस्कृतातून तेथे गेला आहे. आरंभी एक भविष्य सांगणारी स्त्री खेळाडूला पेचाचे प्रश्न विचारते. उदाहरणार्थ, न मोजलेल्या सोन्याची थैली पोहोचती करण्याची जबाबदारी आहे आणि वाटेत भिकारी भेटतो. विश्वास पाळावा की दया करावी? या उत्तरांवरून पात्राचा पेशा ठरतो. म्हणजे पात्र निवडण्यापूर्वी खेळाडूने स्वतःविषयी काही सांगितलेले असते. केळकरांच्या परिभाषेत बोलावयाचे तर, दुसऱ्याची भूमिका स्वतःच्या भूमिकेतून उगवते.

याच खेळातील एक साधा प्रसंग पाहावा. मंत्रासाठी लागणाऱ्या औषधी विकणारी बाई आंधळी आहे. ती किंमत सांगते. किती नाणी द्यावयाची, तो आकडा खेळाडूने टाकावयाचा. कमी दिली तरी तिला दिसत नाही. माल मिळतो, व्यवहार पुरा होतो, कोणी पकडीत नाही. परंतु प्रामाणिकपणाचा अदृश्य हिशेब कमी होतो आणि पुष्कळ पुढे, अवतारपद अडून राहिल्यावर, त्याची जाणीव होते. कादंबरीत नायकाने आंधळ्या बाईला फसविले असते तर वाचकाने त्याचा न्याय केला असता, फार तर त्याच्याबरोबर शरमला असता. येथे फसविणारा हात खेळाडूचा आहे. 'मी राजा झालो' याला जो अर्थ नव्हता, तो 'मी फसविले' याला आहे. तरीही खेळाडूला पूर्ण ठाऊक असते की, बाई नाही, नाणी नाहीत, औषधी नाहीत. तादात्म्य आणि ताटस्थ्य यांचे इतके नेमके सहअस्तित्व केळकरांना उदाहरणादाखल मिळाले असते, तर त्यांच्या टीकाकारांचे काम बरेच अवघड झाले असते.

मात्र सिद्धांताची मर्यादाही येथेच उघड होते. केळकरांच्या मते दुसरी भूमिका जगणे हे मूलतः सुखकारक. भूमिकाखेळात ती जबाबदारीही होते. टोबी फॉक्स यांच्या २०१५ मधील 'अंडरटेल' या खेळात एकाही प्रतिपक्ष्याला न मारता शेवटापर्यंत जाता येते. आणि ज्याने मारले, त्याने खेळ नव्याने सुरू केला तरी आज्ञावली काही गोष्टी विसरत नाही. 'विकल्प' या शब्दाला केळकरांच्या संज्ञेत भेदाच्या जाणिवेचा अर्थ आहे. व्यवहारात आपण तो पर्याय या अर्थाने वापरतो. भूमिकाखेळाची समाधी दोन्ही अर्थांनी सविकल्प आहे. पर्याय असल्यामुळेच तीत पश्चात्ताप संभवतो, आणि पश्चात्ताप हा रस आहे की रसभंग, हा प्रश्न केळकरांच्या चौकटीत बसत नाही.

या टप्प्यावर संत एकनाथांच्या भारुडांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. आंधळा, मुका, बहिरा, जोशी, वाघ्या, मुरळी, भूत लागलेला, विंचू चावलेला अशी सोंगे नाथांनी शब्दांत उभी केली आणि भारूड सादर करणारा ती अंगावर घेतो. आंधळ्याच्या सोंगात डोळ्यांच्या आंधळेपणाआडून अविवेकाचे आंधळेपण बोलते. 'सोंग' या मराठी शब्दात लबाडीची छटा आहे आणि 'अवतार' या शब्दात दिव्यतेची. भारूड या दोहोंच्या मध्ये उभे असते : सोंग घेतलेले आहे हे सर्वांना माहीत, तरी सोंगातून बोलले जाते ते खरे. भूमिकाखेळाशी त्याचे नाते जोडताना एक भेद विसरता कामा नये. भारुडात श्रोत्याला सोंग घ्यावे लागत नाही. सोंगाड्या ते त्याच्या वतीने घेतो आणि शेवटचा उलगडा नाथांच्या मुद्रेने आधीच निश्चित झालेला असतो. आंधळ्याला कमी पैसे देण्याची मुभा भारूड कोणालाही देत नाही.

खेळाचा चित्रपट होतो तेव्हा नेमकी हीच मुभा जाते. माध्यमांतराच्या चर्चेत 'कथेशी इमान' हा निकष आपल्याकडे प्रमुख मानला जातो. 'श्यामची आई' १९३५ च्या पुस्तकातून १९५३ च्या चित्रपटात कसे उतरले, हे तपासताना तो उपयोगीही पडतो. 'नटसम्राट' नाटकाचा २०१६ मध्ये चित्रपट झाला तेव्हा ज्यांनी १९७० नंतर श्रीराम लागूंचे बेलवलकर पाहिले होते, ते नाना पाटेकरांच्या बेलवलकरांत लागूंना शोधीत होते. ही तुलना दोन पाहिलेल्या भूमिकांची आहे. खेळाडू चित्रपटगृहात जातो तेव्हा त्याच्या मनात पाहिलेली भूमिका नसते, केलेली असते. पडद्यावरचा नायक जो निर्णय घेतो, तो त्याने स्वतः एकदा घेतलेला किंवा नाकारलेला असतो. केळकरांच्या दोन भूमिका येथे तीन होतात : प्रेक्षक स्वतः, तो पूर्वी जो झाला होता तो, आणि पडद्यावर दुसराच कोणी जो होतो आहे तो.

या तिहेरी अवस्थेकडे दुर्लक्ष केलेल्या कृती सहसा फसल्या. २००१ मध्ये हिरोनोबु साकागुची यांनी, म्हणजे 'फायनल फँटसी' या जपानी खेळमालिकेच्या जनकानेच, 'द स्पिरिट्स विदिन' हा चित्रपट दिग्दर्शित केला. संपूर्ण संगणकनिर्मित मानवी पात्रे हा त्या काळी मोठा विक्रम होता. पण त्यात खेळातील जग जवळजवळ नव्हते. नाव तेवढे होते. खेळाडूला ओळखीचे काहीच न भेटल्यामुळे मधली भूमिका जागीच झाली नाही. चित्रपटाला मोठे आर्थिक अपयश आले आणि तो काढणारी चित्रपटशाखा बंद झाली. २००० मधील 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' चित्रपटाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. त्यात जग घेतले, खेळणे घेतले नाही.

२०२३ मधील 'ऑनर अमंग थीव्ह्ज' हा त्याच खेळावरचा चित्रपट मात्र वेगळ्या समजुतीने काढलेला दिसतो. त्यातील स्मशानाचा प्रसंग विचारात घ्यावा. मंत्राने प्रेताला बोलते करता येते, पण पाच प्रश्नांपुरतेच. आणि मंडळी गोंधळून, आपसात बोलता बोलता, नको ते प्रश्न विचारून पाचही संपवितात. मग दुसरे प्रेत उकरावे लागते. खेळ न खेळलेल्याला हा विनोद आहे. खेळलेल्याला ती आठवण आहे : नियमाची अक्षरशः अंमलबजावणी करणारा सूत्रधार आणि टेबलाभोवतीचा गलका. योजना फसणे, नवी योजना, तीही फसणे, हा कथानकाचा सांगाडा फाशांच्या चंचलतेतून आलेला आहे. म्हणजे चित्रपटाने कोणा एकाच्या खेळाची कथा सांगितली नाही. खेळण्याची रीत सांगितली. 'फॉलआउट' या १९९७ च्या खेळावरून २०२४ मध्ये आलेल्या चित्रमालिकेने दुसरा मार्ग घेतला. अणुयुद्धानंतर भूगर्भातील वसाहतीत वाढलेला माणूस पहिल्यांदा बाहेर येतो, हा खेळाचा आरंभ. तेथे तो पाणी शुद्ध करणारा सुटा भाग शोधीत असतो. मालिकेतील ल्यूसी त्याच प्रकारच्या दारातून बाहेर पडते, पण वडिलांना शोधण्यासाठी. दार ओळखीचे, माणूस नवा. खेळाडूच्या जुन्या भूमिकेला हात न लावता तिच्या शेजारी दुसरी ठेवली गेली. आंद्रे सापकोव्स्की यांच्या 'विचर'ची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. १९८६ मध्ये पोलिश कथा, २००७ पासून खेळ, २०१९ पासून चित्रमालिका. मालिका पुस्तकांवर आधारलेली, पण तिच्याकडे खेळातून आलेला प्रेक्षक मोठा. एकाच नायकाविषयी वाचक आणि खेळाडू यांनी केलेल्या तक्रारी वेगवेगळ्या असणार, हे उघड आहे, आणि त्यांची तुलना हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय होऊ शकेल.

मराठी अभ्यासकाला या सर्वांत भाषेचा प्रश्न टाळता येत नाही. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' हा २०२० चा खेळ भारतीय पुराणविश्वावर उभा आहे, त्यात दुर्गा आणि विष्णू निवेदन करतात; मात्र तो काटेकोर अर्थाने भूमिकाखेळ नव्हे, आणि त्याचे मूळ निवेदन इंग्रजीत आहे. औट्रम घाटाच्या अलीकडचे कन्नड हे तालुक्याचे गाव घेतले, तर तेथील मराठीच्या विद्यार्थ्याने सप्ताहात भारूड ऐकलेले असते. नाथांचे पैठण त्याच्याच जिल्ह्यात आहे. केळकर त्याला अभ्यासक्रमात भेटतात आणि भूमिकाखेळ इंग्रजीत. या तीन गोष्टी एकाच मनात राहतात, पण एकमेकींशी बोलत नाहीत.

आंधळ्या विक्रेतीचा तो प्रसंग मराठीत आणावयाचा झाला तर पहिली अडचण किमतीची येणार नाही, हाक मारण्याची येईल. इंग्रजीतील एकाच सर्वनामावर तेथे सर्व भागते. मराठीत खेळाडूला 'अहो बाई' म्हणावयाचे, 'मावशी' म्हणावयाचे, 'आजी' म्हणावयाचे की मराठवाड्यातल्यासारखे 'माय' म्हणावयाचे, हे नाणी टाकण्यापूर्वी ठरवावे लागेल. आणि 'माय' म्हणून कमी पैसे देणे ही 'अहो बाई' म्हणून कमी पैसे देण्यापेक्षा निराळी कृती आहे. पर्यायांच्या यादीत हा पर्याय इंग्रजी मुळात नाहीच. तो द्यावयाचा झाल्यास आज्ञावलीला प्रामाणिकपणाच्या हिशेबाशेजारी आणखी एक हिशेब ठेवावा लागेल, ज्याला त्या आठ सद्गुणांच्या यादीत नाव नाही.